परिपत्रकात एक वाक्य हवे: शालेय शिक्षण विभागास खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव,
शालेय शिक्षण व क्रीडा विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय: राष्ट्रगीत, राष्ट्रीय गीत आणि प्रार्थनेविषयीच्या परिपत्रकांत न गाता आदराने उभे राहण्याची मुभा स्पष्ट शब्दांत नमूद करणेबाबत.

महोदय,

'वंदे मातरम्‌' या राष्ट्रीय गीताला दीडशे वर्षे होत असल्याने ३१ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर २०२५ या आठवड्यात राज्यातल्या सर्व शाळांत हे गीत पूर्ण म्हणावे, असे आपल्या विभागाने कळवले. शाळांनी ते केले. आता प्रजासत्ताक दिन येईल, पाठोपाठ पुढचे परिपत्रक येईल. ते निघण्याआधी काही गोष्टी उघडपणे मांडाव्यात म्हणून हे पत्र आपल्याला, आणि आपल्याबरोबरच ज्यांची मुले सकाळी परिपाठाला उभी राहतात त्या सर्वांना.

पत्र लिहिणारे आम्ही परिपाठ घेणारे शिक्षक, पेटी वाजवणारे संगीत शिक्षक, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीवरचे पालक आहोत. मंत्रालयातून निघालेला कागद शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख असा उतरत शेवटी आमच्या हातात पडतो. कागदावर 'सर्व विद्यार्थी' असे दोन शब्द असतात. मैदानावर तिसऱ्या रांगेत एक मूल ओठ मिटून उभे असते. त्याचे काय करायचे हे त्या कागदात कुठेच नसते. आमचे सगळे म्हणणे त्या न लिहिलेल्या वाक्याबद्दल आहे.

गाण्याला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगतो. महाराष्ट्राचे या गीताशी नाते जुने आहे. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी हरकत घेतल्यावरही पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ते गाऊन पुरे केले. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी झिंझोटी रागात चाल बांधली आणि हेच राष्ट्रगीत व्हावे म्हणून संविधान सभेच्या सदस्यांपुढे ते गाऊन दाखवले. मादाम कामांनी १९०७ साली स्टुटगार्टला फडकवलेल्या झेंड्याच्या मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्‌' लिहिलेले होते. कामा पारशी होत्या, आणि तो झेंडा आज पुण्यात केसरीवाड्यात आहे. तेव्हा हे गीत एका धर्माच्या लोकांचे, असे आम्ही म्हणत नाही. धर्माच्या कारणाने ज्याला ते म्हणता येत नाही, त्यालाही या देशात जागा आहे, एवढेच म्हणतो. आणि ही जागा नव्याने मागतो आहोत असेही नाही. ती आधीच दिलेली आहे.

ती कशी दिली गेली, हे परिपत्रकाचा मसुदा करणाऱ्याने एकदा नीट पाहायला हवे. ऑक्टोबर १९३७ मध्ये कलकत्त्याला काँग्रेस कार्यकारिणीपुढे हाच प्रश्न होता. गीत सहा कडव्यांचे. पहिल्या दोनांत पाणी, फळे, वारा, चांदणे, फुललेली झाडे आहेत. तिसऱ्यात कोटी कोटी कंठ आणि हात. चौथ्यात मंदिरामंदिरांत तुझीच प्रतिमा घडवतो असे येते, पाचव्यात ती माता दहा शस्त्रे धारण करणारी दुर्गा होते, कमळात विहरणारी लक्ष्मी होते, विद्या देणारी सरस्वती होते. शिवाय बंकिमचंद्रांनी ते 'आनंदमठ' या कादंबरीत घातले, आणि त्या कथेतला संघर्ष मुस्लिम सत्तेशी आहे. एकाच ईश्वरापुढे झुकायचे, त्याच्या जोडीला कुणालाही बसवायचे नाही, अशी ज्याची श्रद्धा आहे त्याची अडचण चौथ्या-पाचव्या कडव्यांशी असणार, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. १८९६ च्या काँग्रेस अधिवेशनात हे गीत स्वतः गाणाऱ्या रवींद्रनाथांनाही ते समजत होते. पहिली दोन कडवी वेगळी काढून म्हणता येतात, हा त्यांचाच सल्ला होता.

कार्यकारिणीने तो घेतला. सभांत पहिली दोनच कडवी म्हणावीत असे ठरले. पण ठरावाचा दुसरा भाग आपल्याकडे कुणी सांगत नाही: या गीताच्या जोडीला किंवा त्याच्या जागी ज्याला हरकत नाही असे दुसरे कोणतेही गीत म्हणण्याची आयोजकांना पूर्ण मोकळीक राहील, असेही त्यात होते. स्वातंत्र्याचा लढा चालू असताना, ज्यांनी याच गीतापायी लाठ्या खाल्ल्या त्यांनी हे लिहिले. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसादांनी संविधान सभेत 'जन गण मन' हे राष्ट्रगीत असल्याचे आणि 'वंदे मातरम्‌'ला त्याच्याइतकाच मान राहील असे जाहीर केले. 'जन गण मन' मूळ पाच कडव्यांचे. राष्ट्रगीत म्हणून पहिलेच घेतले. (गंमत अशी की हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती अशी सगळ्यांची नावे घेणारे कडवे दुसरे आहे आणि ते आपण म्हणतच नाही.) कडवी निवडण्यात गीताचा अपमान कुणाला वाटला नाही. आपल्या राज्याने तरी २०२३ साली दुसरे काय केले? 'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत केले तेव्हा त्यातली दोन कडवी घेतली आणि १ मिनिट ४१ सेकंदांची वेळ ठरवून दिली.

थोडक्यात, बहुधर्मी देशाचे गीत सगळ्यांचे कसे ठेवायचे याची रीत आपल्याकडे तयार होती. गीतातला सगळ्यांना चालेल तो भाग निवडायचा, आणि तोही ज्याला म्हणता येत नाही त्याला शांत उभे राहू द्यायचे. पहिले काम १९३७ आणि १९५० साली झाले. दुसरे १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने केले.

तो केरळचा खटला आपल्या विधी विभागाला पाठ असेल, पण शाळाशाळांत तो कुणालाही माहीत नाही म्हणून इथे मांडतो. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातली तीन भावंडे, दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी. राष्ट्रगीताला रोज उभी राहायची, गायची नाहीत, कारण देवाखेरीज कुणाचीही स्तुती गाणे त्यांच्या पंथाला मान्य नाही. वर्षानुवर्षे कुणाची तक्रार नव्हती. जुलै १९८५ मध्ये एका आमदाराच्या ते लक्षात आले, विधानसभेत प्रश्न निघाला, चौकशी झाली. चौकशीत मुले शिस्तीची आहेत, त्यांनी कसलाही अनादर केलेला नाही, असेच निघाले. तरी २६ जुलैला त्यांना शाळेतून काढले. उच्च न्यायालयात ती हरली. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. दत्त यांनी त्यांना परत शाळेत घ्यायला लावले.

निकालातले दोन मुद्दे थेट आपल्या विभागाला लागू पडतात. पहिला: राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कायदाच नाही, आणि ते सुरू असताना आदराने उभे राहून न गाणे म्हणजे अनादर नव्हे. १९७१ च्या राष्ट्रसन्मान कायद्याचे कलम ३ लागते ते गायन मुद्दाम रोखणाऱ्याला किंवा त्यात गोंधळ घालणाऱ्याला, गप्प उभ्या राहिलेल्याला नाही. दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. अनुच्छेद १९ आणि २५ मधले हक्क आवळायचे तर कायदा लागतो. शिक्षण खात्याच्या परिपत्रकाने ते आवळता येत नाहीत. केरळ सरकारच्या हातात तिथे नेमकी परिपत्रकेच होती, आणि न्यायालयाने ती त्यासाठी अपुरी ठरवली.

याच मापाने आपला कागद मोजला तर? राष्ट्रगीताचा आदर करणे हे अनुच्छेद ५१-क नुसार मूलभूत कर्तव्य आहे, तरी गाण्याची सक्ती नाही. मग राष्ट्रीय गीताच्या सहाही कडव्यांची सक्ती परिपत्रकाने कुठून येणार? मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये शाळांत आठवड्यातून एकदा तरी 'वंदे मातरम्‌' म्हणावे असा आदेश दिला, तो गीताच्या बाजूनेच होता. तरी त्याच आदेशात, ज्यांना सबळ कारणाने अडचण आहे त्यांच्यावर बळजबरी करू नये, असेही लिहिले होते. न्यायालयाला हे वाक्य लिहावेसे वाटले. खात्याला का वाटत नाही?

महाराष्ट्रातलाच दाखला हवा तर तोही आहे. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षकाला हात जोडायला भाग पाडता येणार नाही. शिक्षकाच्या हाताला जे संरक्षण मिळाले ते पाचवीतल्या मुलीच्या ओठांना मिळू नये, असे तर विभागाचे म्हणणे नसेल.

आता मैदानावर काय बिघडते ते सांगतो. मंत्रालयातून ते दिसत नाही.

अहवालापासून सुरुवात करू. असा उपक्रम आला की त्याच दिवशी फोटो आणि चित्रफीत मागवली जाते. कुणीतरी शिक्षक मोबाइल घेऊन रांगांमधून फिरतो. ती चित्रफीत केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर जाते, तिथून गावाच्या गटावर. गात नसलेले मूल त्यात स्पष्ट दिसते, आणि गावात प्रत्येक मुलाचे आडनाव प्रत्येकाला माहीत असते. परिपत्रक काढणाऱ्याच्या मनात हे नसेलही. पण केरळात आमदाराने जे पाहिले ते आता आपण स्वतःच टिपून पाठवतो आहोत.

दुसरे, ओठ बघणे. आठवी-नववीतल्या निम्म्या मुलांचे आवाज फुटत असतात. मुलींना सोयीची अशी पेटीवरची पांढरी चार पट्टी घेतली की वरच्या, तार सप्तकातल्या सुरांना ही मुले गप्प होतात किंवा नुसते ओठ हलवतात. त्यांना कुणी काही विचारत नाही, संगीत शिक्षकसुद्धा नाही. विचारले जाते ते ठरावीक नावांच्या मुलांनाच. म्हणजे नियम सगळ्यांना, तपासणी काहींची. जपानमध्ये ओसाका प्रांतातल्या एका शाळेत २०१२ साली निरोप समारंभाच्या वेळी शिक्षकांचे ओठ हलतात की नाही हे खरोखर तपासले गेले आणि त्याचे जगभर हसे झाले. तिथे निदान तपासणी सगळ्यांची होती.

तिसरे, संपूर्ण गीत. आकाशवाणीवर सकाळी ऐकू येते ती देस रागातली चाल दोन कडव्यांची, मिनिटभराची. मुलांना तेवढेच येते. सहाही कडवी म्हटली की तीन मिनिटे ओलांडतात आणि तिसऱ्या कडव्यापासून संस्कृतात बंगाली मिसळते. 'बाहुते तुमि मा शक्ति' ही ओळ एका रांगेत एक आणि दुसऱ्या रांगेत वेगळीच ऐकू येते. त्यातून पाठभेद: मूळ 'सप्तकोटि' पुढे 'कोटि कोटि' झाले, आणि यूट्यूबवर ज्याला जे सापडेल ते तो स्पीकरला लावतो. नीट बसवायचे तर रोज एक तास धरून निदान दोन आठवडे लागतात. आठवडाभराच्या सूचनेत जे होते ते गायन नसते, स्पीकरमागे पुटपुटणे असते. दीडशे वर्षांच्या गीताचा मान त्याने वाढला असे संगीत शिक्षक तरी म्हणणार नाहीत. परिपाठात आधीच राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि बातम्या आहेत; पंधरा-वीस मिनिटांत हे सगळे बसवताना पहिला कट लागतो तो उद्देशिकेला, आणि श्रद्धेचे व उपासनेचे स्वातंत्र्य हे शब्द नेमके तिच्यातच आहेत.

चौथी तक्रार आपल्याकडे कमी बोलली जाते. मुभा नसण्याचा फटका फक्त मुस्लिम किंवा ख्रिस्ती मुलांना बसत नाही. बौद्ध मुलाला गणेशवंदना म्हणावी लागते, नास्तिक पालकांच्या मुलीला 'देवा' म्हणत हात जोडावे लागतात, मिशनच्या शाळेत हिंदू मूल प्रभूची प्रार्थना म्हणते, मुस्लिम संस्थेच्या शाळेतही हाच प्रश्न उलट बाजूने येतो. अनुच्छेद २८(३) या सगळ्यांना सारखाच लागू आहे: मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या स्वतःच्या, आणि मूल सज्ञान नसेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. आज 'वंदे मातरम्‌' न म्हणण्याची मुभा मागणाऱ्या संस्थांनी आपल्या शाळांतल्या प्रार्थनेलाही हीच मुभा लावली पाहिजे. स्वतःच्या दारात मात्र सक्ती चालेल, असे म्हणता येणार नाही.

आमच्यावर येणारे आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. सूट दिली तर उद्या निम्मा वर्ग गप्प राहील, हा पहिला. केरळच्या निकालाला चाळीस वर्षे होत आली. राष्ट्रगीत गाणे कुठल्या शाळेत बंद पडले? अमेरिकेत तर १९४३ सालीच, ऐन महायुद्धात, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेतल्या झेंड्याच्या सलामीची सक्ती रद्द केली. त्या मुलांचा पंथही यहोवाचे साक्षीदार हाच होता. सलामी तरीही चालू राहिली. दुसरा आक्षेप असा की श्रद्धेच्या नावाखाली बेशिस्त लपेल. लपणार नाही. हसणे, ढकलणे, मागे बोलणे, मुद्दाम बसून राहणे ही बेशिस्त आहे आणि ती कोणत्याही आडनावाची असो, तिला नेहमीची शिस्त लावावी. सरळ उभे राहणारे, हात खाली ठेवणारे, शेजाऱ्याला त्रास न देणारे मूल बेशिस्त नाही. पेटीवर बसलेल्या शिक्षकालाही हा फरक दोन सेकंदांत कळतो.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे: ज्या गीतासाठी लोक तुरुंगात गेले ते म्हणायला कसला त्रास? इथे मराठवाड्याची आठवण करून द्यावीशी वाटते. १९३८ साली निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या आणि उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्‌' म्हटले म्हणून त्यांना काढून टाकले गेले. नागपूर विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले. त्या विद्यार्थ्यांचे भांडण एका गाण्यापुरते नव्हते. प्रार्थनेच्या वेळी काय म्हणायचे हे सरकारने ठरवू नये, असे ते होते. त्यांचा वारसा सांगत आज कुणाला गायची सक्ती करणे म्हणजे निजामाच्या खुर्चीत आपण बसणे. हे वाक्य कडक आहे याची जाणीव आहे, पण सौम्य करता आले नाही.

आमच्या मागण्या अशा:

१. राष्ट्रगीत, राष्ट्रीय गीत, राज्यगीत किंवा प्रार्थना यांविषयीच्या यापुढच्या प्रत्येक परिपत्रकात हे वाक्य असावे: "श्रद्धेच्या अथवा सद्सद्विवेकाच्या कारणाने जो विद्यार्थी वा शिक्षक गाऊ इच्छित नाही, त्याने आदराने शांत उभे राहणे पुरेसे मानावे, त्याच्यावर सक्ती, विचारणा वा कारवाई करू नये." राज्यगीताच्या वेळी वृद्ध, आजारी, दिव्यांग आणि गर्भवतींना उभे राहण्यातून सूट देताना विभागांना शब्द सापडले होते. इथेही सापडतील.

२. शाळांत 'वंदे मातरम्‌' म्हणायचे तेव्हा पहिली दोन कडवी हेच प्रमाण मानावे. संपूर्ण गीत ज्या शाळेला बसवायचे आहे तिने हौसेने बसवावे, त्यासाठी अधिकृत पाठ आणि एकच ध्वनिमुद्रण संकेतस्थळावर ठेवावे.

३. गायनाचा पुरावा म्हणून विद्यार्थ्यांचे चेहरे दिसणारी चित्रफीत मागवू नये. 'उपक्रम पार पडला' असे मुख्याध्यापकांचे एका ओळीचे पत्र पुरे.

४. मुभेसाठी मुलाकडून धर्म वा कारण लिहून घेऊ नये. पालकांनी तोंडी सांगितले, किंवा मूल नुसते शांत उभे राहिले, तरी चालावे. अर्ज मागितला की त्याची यादी होते आणि यादी कुणाच्याही हातात जाऊ शकते.

५. प्रार्थनेबाबत अनुच्छेद २८(३) चा मराठी मजकूर सर्व व्यवस्थापनांच्या शाळांत, अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा धरून, दर्शनी फलकावर लावावा.

६. १९८६ च्या निकालाचा दोन पानी मराठी सारांश केंद्रप्रमुखांच्या बैठकीत वाचून दाखवावा. पुढच्या वेळी एखादा पुढारी शाळेत येऊन 'हा का गात नाही' असे विचारेल, तेव्हा मुख्याध्यापकाच्या टेबलावर दाखवायला कागद हवा. आज त्याच्याकडे फक्त आपले परिपत्रक असते.

पहिल्या मागणीला पैसा लागत नाही, विधिमंडळाची मंजुरी लागत नाही. २६ जानेवारीच्या कार्यक्रमाच्या सूचना निघतील त्यातच ती पूर्ण होऊ शकते. उत्तर लेखी आणि जाहीर मिळावे. नकार असेल तर तो कोणत्या कायद्याच्या आधारे, हेही त्यात असावे.

कळावे,

आपले,
परिपाठाला रोज उभे राहणारे काही शिक्षक, मुख्याध्यापक व पालक

प्रत माहितीसाठी:
१. मा. आयुक्त (शिक्षण), महाराष्ट्र राज्य, पुणे
२. मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोग
३. सर्व शाळा व्यवस्थापन समित्या, पुढच्या मासिक सभेत वाचनासाठी